साकवाचं कार्ड

"...मग तुम्हीच सांगा बाबा, त्या कार्डाला कुठला शब्द लावू?"

फकीर दस्तगीरबाबा नदीकाठच्या आपल्या तकियात, झोपडीच्या दारात, फाटकी घोंगडी शिवत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"आधी कार्ड म्हणजे काय, ते सांग."

सुलक्षणाला जरा धीर आला. हे तिला येत होतं. संस्थेच्या ऑफिसात नव्या माणसांना कामांची नोंद ठेवायचं सॉफ्टवेअर तीच शिकवायची. कुठल्याही दुःखाचे नीट तुकडे पाडले आणि एकेक तुकडा एकेकाच्या हाती दिला, की ते संपतं, अशी तिची खात्री होती.

तिनं लॅपटॉप बाबांकडे वळवला.

"प्रत्येक कामाचं एक कार्ड. त्याला टास्क म्हणायचं. काम सरकलं की कार्ड पुढच्या रकान्यात जातं. हा 'टू डू', करायचंय. हा 'इन प्रोग्रेस', चालू आहे. आणि हा शेवटचा 'डन'. झालं."

"आमच्याकडं दोनच रकाने," बाबा म्हणाले. "आला... गेला."

ती हसली नाही.

"आणि ही लाल खूण?"

"ब्लॉक्ड. काम अडलंय."

"कुणी अडवलं?"

"डिपेंडन्सी असते ना, बाबा. एक काम दुसऱ्यावर अवलंबून. ते होईतो हे सुरू करायचं नाही. एका कार्डाकडून दुसऱ्याकडे बाण काढून ठेवायचा, म्हणजे कुणी उगाच घाई करत नाही."

बाबांनी सुईत दोरा ओवला.

"आपल्या साकवाचा बाण कुणाकडं होता?"

"पाण्याकडं... पूर उतरला की पाया खणायचा, असं."

"पाणी उतरल्यावर पूल."

"हो."

"पाणी उतरल्यावर माणसं चालतच जातात, बेटी. बाण कुणी काढला?"

"मी."

"तोवर नावेचं कार्ड?"

"ते... कुणी केलंच नाही."

त्या पुरात पलीकडच्या वस्तीतला भिवसन वाहून गेला. आयटीआयच्या परीक्षेला निघाला होता. चप्पल सापडली, तो नाही. मग पाणी उतरलं, आणि साकव उभा राहिला; मुदतीच्या आत, कठड्यासकट. आता संस्थेला प्रकल्प गुंडाळायचा होता आणि हे एकच कार्ड उघडं होतं. पूल झालाय, 'डन' कर, असं साहेब रोज म्हणत होते. सुलक्षणाचा हात उठत नव्हता. 'रद्द' म्हणावं, तर पूल डोळ्यांसमोर होता.

"'डन' केलं की कार्ड हिरवं होतं, बाबा. आणि मग दिसेनासंच होतं!" तिचा आवाज चढला. "सगळे टाळ्या वाजवतील. फोटो काढतील. भिवसन कुठंच राहणार नाही. एवढे शब्द आहेत यात, त्याच्यासाठी एकही नाही? तुम्ही इतकी माणसं मातीपर्यंत पोचवलीत. खरा शब्द कुठला, सांगा ना!"

बाबांनी घोंगडी बाजूला ठेवली. तिची हनुवटी धरून तोंड नदीकडं वळवलं.

साकवाच्या खालून, मांडीएवढ्या पाण्यातून, डोक्यावर सरपणाचा भारा घेऊन एक बाई येत होती. गयाबाई. भिवसनची आई.

सुलक्षणा काठाकडं धावली.

"मावशी! अहो, वरून या ना! साकव झालाय!"

गयाबाईनं भाऱ्याखालून वर पाहिलं.

"दिसतोय की. आंधळी न्हाई मी."

"मग पाण्यातून का येता?"

"माजं लेकरू हितनं गेलं, बाई. वरनं गेल्यावर पायाला कसं गावंल?"

आणि ती पुढं निघाली. एकेक पाऊल वाळूत चाचपत, थांबत, पुन्हा चाचपत.

सुलक्षणा परत येऊन लॅपटॉपपुढं बसली.

"बाबा... करू का 'डन'?"

"कर की."

बाबांनी घोंगडी पुन्हा मांडीवर ओढली.

"पूल झाला, बेटी. नदी राहिली."