केशरने लावलेला कौल

खाडीकाठच्या वस्तीत धंदा करणाऱ्या बायकांचं काय करायचं, यावर गावात रण माजलं होतं. स्त्रियांच्या भल्यासाठी शहरातून आलेल्या दोन विदुषी हमरीतुमरीवर आल्या होत्या. एक म्हणे, धंद्यावर बंदी आणा. दुसरी म्हणे, कायद्याने मान्यता द्या. शेवटी गावचे खोत गरजले, "देवीलाच कौल लावू!"

देवराईतल्या काळोख्या देवळात सगळे जमले. वस्तीतली केशर न बोलावता आली आणि उंबऱ्याबाहेर उभी राहिली. गुरवाने देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

"आई, ह्या बायकांचा धंदा चालू द्यायचा का?" खोतांनी विचारलं.

पाकळी हलेना. बाहेर किर्र करणारे किडे एकाएकी गप्प झाले. खोतांनी पुन्हा पुन्हा विचारलं; देवी नुसती बघत राहिली. गुरव दोन पावलं मागे सरकला.

केशर मात्र उंबऱ्याशी सरकली. तिने हात जोडले. "आई, खोतांनी आपलं घर सोडून जावं का?"

उजवी पाकळी थरथरली.

"थांब!" खोत किंचाळले. "माझ्या घरादाराचं विचारणारी तू कोण?"

"मीही मघापासून मनात हेच म्हणत उभी आहे, खोतसाहेब. आमच्या घरादाराचं विचारणारे तुम्ही तिघं कोण?"

दोन्ही विदुषींनी पहिल्यांदाच एका वेळी मान खाली घातली. तेवढ्यात उजवी पाकळी अलगद खाली पडली.

ती नेमकी कुठल्या प्रश्नाला पडली, हे देवीला विचारायची खोतांची छाती झाली नाही.