खळीचा बोळा, पेंडीचा गोळा

एका गावात एक घर होतं. त्याला दार होतं, छप्पर होतं, आणि माणसं सोडून बाकी सगळे तिथं राहायला होते. उंदीर होते, पाली होत्या, मुंग्या होत्या आणि आढ्याला गांधीलमाश्यांचं भलंमोठं पोळं होतं. अशा त्या घराचं कुलूप एके दिवशी उघडलं आणि उंबरठ्यावरचं माप ओलांडून एक नवी नवरी आत आली.

नवरीचं नाव सगुणा. ती तेलाचा घाणा चालवणाऱ्या बापाची लाडकी लेक. नवरा तुळशीराम हा विणकर. त्याला आईवडील नव्हते, गुरूच्या घरी राहून तो माग चालवायला शिकला होता. हे घर त्याच्या चुलत्याचं. चुलता गेल्यापासून ते बंदच पडलं होतं.

लग्नाच्या बोलणीत सगुणाच्या वडिलांनी विचारलं होतं, "घर आहे ना?"

"आहे," तुळशीराम म्हणाला. आणि ते काही खोटं नव्हतं.

"आहे हे ऐकलं. कसं आहे ते मी डोळ्यांनी बघेन. पहिल्या दिवाळसणाला लेकीला न्यायला मी स्वतः येईन. घर राहण्याजोगं दिसलं तर भाऊबीज झाली की तिला पाठवून देईन. नाही दिसलं तर तुम्ही नवं घर बांधा. ते होईस्तोवर लेक माझ्याकडे राहील."

म्हातारा शब्दाचा पक्का होता. आणि विणकरानं नवं घर बांधायचं म्हणजे किती वर्षं जातील, देव जाणे!

सगुणाला मात्र हा नवरा पहिल्याच दिवशी आवडून गेला होता. माप ओलांडताना वरून एक पाल बदकन पुढ्यात पडली. सगुणा किंचाळणार, तेवढ्यात तुळशीराम हात जोडून म्हणाला, "अगं, पदर सावर. घरातली थोरली माणसं सून बघायला आली आहेत." सगुणाला इतकं हसू फुटलं की हातातलं ताम्हन कलंडलं. या माणसाला सोडून आपण कुठंही जायचं नाही, हे तिनं तिथंच ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी चुलीमागं तिला एक बीळ दिसलं. आत दोन डोळे लुकलुकत होते. नवऱ्याला हाक मारायला तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. बिचाऱ्यानं किती हौसेनं घर दाखवलं होतं! बीळ दाखवलं तर त्याचा चेहरा उतरेल. शिवाय आईनं सासरी पाठवताना कानात सांगितलं होतं, "झाकली मूठ सव्वा लाखाची."

मग सगुणानं आपलं डोकं चालवलं. वडिलांनी आंदण म्हणून एक गाय दिली होती आणि गाईसाठी पेंडीचं पोतं दिलं होतं. घाण्यातून निघालेली पेंड दगडासारखी टणक असते, हे तिला लहानपणापासून ठाऊक. तिनं पेंडीचा गोळा भिजवला, बिळात ठोकून बसवला, वरून शेणाचा हात फिरवला आणि हात झटकले.

दोन दिवसांनी बीळ उघडं. शेजारी आणखी एक.

तिनं तेही बुजवलं. कोठीतलं बुजवलं, ओसरीवरचं बुजवलं. पण घरातले उंदीर काही कमी होईनात. उलट ते अंगानं चांगले भरायला लागले. आधी भिंतीच्या कडेकडेनं पळायचे, आता घराच्या मधूनच आरामात चालत जायचे. एक तर भाकरीच्या टोपलीवर बसून मिशा पुसायचा. इकडे गाय मात्र रोडावत चालली.

"गाईला पेंड घालतेस ना?" तुळशीरामानं एकदा विचारलं.

"घालते तर!" सगुणा म्हणाली आणि तिची जीभ दातांखाली आली.

अधूनमधून तिला भिंतीच्या फटीत पांढरट, चिवट असं काहीतरी भरलेलं दिसायचं. जुना चुना असेल, असं तिला वाटायचं. नवऱ्याची खळीची हंडीही हल्ली फार लवकर रिकामी व्हायची. खळ म्हणजे पिठाची पेज. मागावरच्या सुताला ती लावली की सूत ताठ होतं. विणकर आहे, लागत असेल खळ, म्हणून तिनं कधी विचारलं नाही. आपणच एक गुपित पदराखाली धरून बसलो की दुसऱ्याला कोणत्या तोंडानं विचारायचं?

दिवाळी जवळ आली. सगुणाला घास गोड लागेना. वडील येणार, उंदीर बघणार आणि आपल्याला गाडीत बसवून नेणार! एके सकाळी तिनं ठरवलं, आज सगळी बिळं एकदाची बुजवून टाकायची.

"अहो, मी नदीवर धुणं घेऊन जाते," ती म्हणाली.

"जा, जा. मलाही बाजारात जायचंय," तो म्हणाला.

ती वळणापर्यंत गेली, धुणं झुडपामागं ठेवलं आणि परसदारानं गुपचूप घरात आली. दोन्ही हातांत पेंडीचे गोळे घेऊन कणगीमागं वाकली, तर समोरून पुढल्या दारानं आलेला तुळशीराम वाकलेला! त्याच्या एका हातात खळीची हंडी, दुसऱ्या हातात खळीत बुडवलेला चिंध्यांचा बोळा.

"तुम्ही बाजारात गेला होता ना?"

"आणि तू नदीवर?"

दोघांनीही हात पाठीमागं नेले. तुळशीरामाच्या धोतरावरून खळ टपटप गळायला लागली. तेवढ्यात बिळातून एक गुबगुबीत उंदीर बाहेर आला. त्यानं आधी याच्याकडे बघितलं, मग तिच्याकडे, आणि पंगतीत बसल्यासारखा तिथंच बसून राहिला.

सगुणाच्या डोक्यात एकदम उजेड पडला. "अगं बाई! म्हणजे मी रोज लाडू वाढत होते..."

"आणि मी खीर!" तुळशीराम कपाळावर हात मारून म्हणाला. कपाळालाही खळ लागली.

मग जे हसू फुटलं ते आवरेचना. दोघं कणगीला टेकून पोट धरून हसली. उंदीर मात्र कंटाळून आत निघून गेला.

"पण तुम्ही मला बोलला का नाहीत?" सगुणानं विचारलं.

"मला वाटलं, तू म्हणशील, कुठल्या घरात आणून टाकलं. आमच्या गुरूंची शिकवण होती, कापडाची उलटी बाजू गिऱ्हाइकाला दाखवायची नाही."

"मी काय गिऱ्हाईक आहे?" ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. तिलाही सांगावंसं वाटलं, की मी तरी कुठं बोलले? तुमचा चेहरा उतरेल म्हणून मीही गप्पच राहिले. आणि तिनं तसं सांगितलंही.

आता लपवायचं काही उरलंच नव्हतं. सगुणा तडक कुंपणाशी गेली आणि शेजारणीला मोठ्यानं विचारलं, "काकू, तुम्ही बिळं कशानं बुजवता हो?"

"खापराच्या ठिकऱ्या, काचा आणि चुना! का गं? तू कशानं बुजवतेस?"

सगुणानं सांगितलं. हसणं या घरातून त्या घरात, तिथून साऱ्या आळीत गेलं. पण हसणारे नुसते हसून थांबले नाहीत. बायकांनी जपून ठेवलेले वाढलेल्या बांगड्यांचे तुकडे ओंजळी भरभरून आणले. कुणी चुना आणला, कुणी मांजर आणलं, कुणी धूर करून गांधीलमाश्या हुसकावल्या. कुजक्या फळ्या काढल्या, अर्धी भिंत पाडली, कौलं उतरवली. घरात उभं राहिलं तर वर आभाळ दिसत होतं.

आणि नेमकी तेव्हाच दारात बैलगाडी थांबली. वडील चार दिवस आधीच येऊन पोहोचले!

तुळशीरामाचा चेहरा पांढराफटक पडला. तो हळूच म्हणाला, "सगुणा, दिवाळीची रंगरंगोटी चाललीय म्हणून सांगू या. पटेल त्यांना."

पटलं असतंच. दिवाळीला कुणाच्या घरात पसारा नसतो? एवढं एक वाक्य बोललं की काम झालं होतं. खरं बोललं तर मात्र गाडी दारात उभीच होती, बैलही सोडले नव्हते. तिनं नवऱ्याकडे बघितलं. खळीनं माखलेला, घाबरलेला, तिचा माणूस. आत्ताच तर एक लपवाछपवी संपली होती, लगेच दुसरी कशाला मांडायची?

"आबा," ती पुढं होऊन म्हणाली, "घर फार जुनं आहे. आत उंदीर आहेत, भिंतींत बिळं आहेत. आम्ही ती एकमेकांपासून लपवली आणि आणखी वाढवून ठेवली. तुमच्या गाईची पेंड मी बिळांत कोंबली. पण मला इथंच राहायचंय."

"आणि खळ माझी होती, मामा," तुळशीराम पुढं येऊन म्हणाला. "चूक दोघांची आहे."

म्हाताऱ्यानं घरभर चक्कर मारली. भिंत ठोकून बघितली, बिळात काठी घालून बघितली. मग लेकीपुढं येऊन उभा राहिला.

"पोरी," तो म्हणाला, "तू 'सगळं छान आहे आबा' म्हणाली असतीस, तर मी तुला याच पावली गाडीत बसवलं असतं. सगळं छान आहे म्हणणाऱ्या लेकीचाच बापाच्या जिवाला घोर लागतो. भिंत काय, पडली तर उभी करता येते. तू इथं खरं बोलू शकतेस आणि तुझा नवरा तुझ्याशेजारी येऊन उभा राहतो. आणखी कसलं घर बघायचं राहिलं मला?"

सगुणा त्याच्या गळ्यातच पडली. चुन्याची पाचही बोटं त्याच्या नव्या सदऱ्यावर उमटली.

"मग पंगत बंद ना आता उंदरांची?" म्हाताऱ्यानं डोळे मिचकावून विचारलं आणि उत्तराची वाट न बघता पागोटं काढून खुंटीला टांगलं, धोतर वर खोचलं. "जावईबापू, आणा ती थापी इकडं!"

चार दिवसांत भिंत उभी राहिली, कौलं चढली. मग मुलगी, जावई आणि सासरा, तिघंही एकाच गाडीतून दिवाळसणाला गेली. भाऊबीज झाली आणि दोघं आपल्या घरी परतली. कुठं एखादी फट दिसली की सगुणा आता जागेवरूनच हाक मारायची, "अहो, या लवकर, नवा पाहुणा आलाय!" आणि तुळशीराम माग सोडून हसत हसत धावत यायचा.

तात्पर्य: घरातली फट एकमेकांपासून झाकली तर रुंदावते, एकमेकांना दाखवली तर बुजते.