दहा हजार फुटांवरचा हैबत

एका गावात, जिथून विमान फक्त डोक्यावरून जायचं आणि तेही दुसऱ्याच गावाला, तिथे हैबत नावाचा एक भोळा पोरगा होता. अभ्यासात हुशार. लेखी परीक्षा तर एका झटक्यात पास झाला. सांगितलेलं तंतोतंत करायचा, एवढीच काय ती त्याची खोट.

हैबतला लढाऊ विमान चालवायचं होतं. त्यासाठी एक चाचणी असते. खुर्चीत बसवतात, हातात दांडा देतात, पायाखाली पेडल देतात आणि समोर पडद्यावर एक ठिपका सोडतात. तो ठिपका चौकोनाबाहेर जाऊ द्यायचा नाही. आणि ही चाचणी आयुष्यात एकदाच देता येते. हुकली की हुकली. या एका गोष्टीपायी त्याची आई सगुणाबाई महिनाभर धड जेवली नव्हती.

गावात हवाई दलातून वॉरंट ऑफिसर म्हणून रिटायर झालेले एक गृहस्थ होते. सगळे त्यांना वॉरंटकाका म्हणत. तयारी करून घ्यायला ते आनंदाने आले. दांड्याच्या जागी लाटणं आणि पेडलच्या जागी सगुणाबाईंचं शिलाई मशीन. आळीतल्या बायकांचे ब्लाउज लांबणीवर पडले, पण देशासाठी म्हणून कुणी बोललं नाही.

पहिल्या दिवशी काका म्हणाले, "हैबत, ढगात शिरलास की अंगाला काय वाटतं त्यावर जाऊ नकोस. अंग फसवतं. काटा सांगेल तेच खरं."

"काटा सांगेल तेच खरं," हैबत म्हणाला.

दुपारी तो स्कूटरवर दळण आणायला गेला. येताना उतार लागला. हैबतने वेगाच्या काट्याकडे पाहिलं. काटा शून्यावर. तो तीन वर्षं शून्यावरच होता. पण शून्य म्हणजे गाडी उभी. कानात वारा भरत होता, झाडं मागे पळत होती, पण अंग फसवतं. गाडी उभी आहे म्हटल्यावर हैबत उतरला.

स्कूटर त्याच्या आधी घरी पोचली. कुंपणातून.

"अरे माझ्या कर्मा!" सगुणाबाई त्याच्या डोक्यावरचं पीठ झटकत म्हणाल्या, "काटा बिघडलाय तो! काटा अडकलाय असं वाटलं तर टिचकी मारून बघायचं."

"आई, हे आधी का नाही सांगितलंस?"

दुसऱ्या दिवशी तात्यांना, म्हणजे चुलत्यांना, घेऊन तो दवाखान्यात गेला. तात्यांना नुसतं खोकल्याचं औषध हवं होतं. नर्सबाईंनी सहज म्हणून बीपी घ्यायला दंडाला पट्टा बांधला. काटा सावकाश खाली येत होता. मध्येच जरा थबकला. हैबतने टिचकी मारली. काटा उडी मारून दोनशेवीसवर गेला.

नर्सबाईंनी ॲम्ब्युलन्स बोलावली. तात्या तालुक्याला पोचेपर्यंत "अगं, मला खोकला आहे, खोकला!" असं ओरडत होते. डॉक्टर म्हणाले, बडबड सुरू झाली, लक्षण बरं नाही. तीन दिवस ठेवून घेतलं.

"दुसऱ्याच्या वस्तूला हात लावतात का?" सगुणाबाई कडाडल्या. "हात मागे बांधून गप्प उभं राहायचं!"

"आई, हे आधी का नाही सांगितलंस?"

चाचणीचं प्रवेशपत्र आलं. सगुणाबाईंनी ते कौतुकाने ओट्यावर ठेवलं आणि पेढे आणायला गेल्या. परत आल्या तर शेजारच्या हिराकाकूंची शेळी ओट्यावर, आणि हैबत शेजारी हात मागे बांधून गप्प उभा. शेळीने शिक्का खाल्ला होता, नाव खाल्लं होतं. फोटो चघळणं चाललं होतं.

"अरे, हाकल ना तिला!"

"शेळी हिराकाकूंची आहे, आई."

प्रवेशपत्र तालुक्याला जाऊन पुन्हा छापून आणलं. वॉरंटकाका डोकं धरून बसले. मग म्हणाले, "पोरा, तुझ्या डोक्यात चार जणांचे चार सल्ले झालेत. सगळे सोड. तिथे साहेब पहिला हुकूम देतील तो शेवटपर्यंत धर. मध्ये कुणी काहीही म्हणो."

"पहिला हुकूम शेवटपर्यंत," हैबत म्हणाला. सगुणाबाई मध्ये बोलणार होत्या, पण म्हटलं, काका जाणते आहेत.

चाचणीचा दिवस उजाडला. सगुणाबाई सोबत गेल्या आणि फाटकाशी बसून राहिल्या. आत साहेब म्हणाले, "समजा, तुम्ही दहा हजार फुटांवर आहात. विमान खाली येईपर्यंत जागा सोडायची नाही."

हैबतचा ठिपका चौकोनातून केसभर हलला नाही. लाटण्याची पुण्याई. साहेब खूश. "शाब्बास! पहिला आलास. ऊठ, सही कर."

"कसा उठू साहेब? अजून वर आहोत."

साहेब हसले. मग हसायचे थांबले. मशीन बंद केलं. हैबत दांडा धरून बसलेलाच. बाकीची पोरं सह्या करून गेली. पाचला यादी बंद होणार होती. सही नाही, तर निकाल नाही. पावणेपाचला शिपाई फाटकाशी सगुणाबाईंना बोलवायला आला.

"बाई, तुमचा मुलगा उतरत नाही."

"कुठून?"

"खुर्चीवरून."

सगुणाबाई धावत आत गेल्या. हैबतचे डोळे विस्फारले.

"आई! तू एवढ्या वर कशी आलीस?"

"चालत आले, मेल्या! उतर!"

"दमली असशील. बस, पट्टा बांध."

सगुणाबाईंनी पोराला ओळखलं होतं. त्या साहेबांकडे वळल्या. "साहेब, त्याला विमान उतरवायला सांगा. त्याशिवाय गत्यंतर नाही."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. पाचला दहा कमी. "हैबत, विमान उतरव!"

"कुठे उतरवू, साहेब?"

"कुठेही उतरव रे बाबा! तुझ्या घरी उतरव, पण उतरव!"

हैबतने दांडा अलगद पुढे केला. दहा हजार फूट म्हणजे काही थोडकं नव्हे. तो सावकाश खाली येत राहिला. शिपायाने नकळत खुर्ची घट्ट धरली. साहेबांनीही श्वास रोखला. पाचला दोन मिनिटं कमी असताना हैबतने दांडा सोडला, पट्टा काढला आणि चक्क उभा राहिला. शिपायाने टाळ्या वाजवल्या. सगुणाबाईंनी पदर डोळ्याला लावला.

"चल, लवकर!" साहेबांनी पेन पुढे केलं. "सही कर!"

हैबतने ते पेन हलकेच त्यांच्याच खिशात परत ठेवलं, आणि त्यांना हाताला धरून खुर्चीत बसवलं.

"सही कुठे पळून जाते, साहेब? पहिल्यांदाच आमच्या घरी आलात. आई, उभी काय राहिलीस, पाहुण्यांना चहा टाक!"

बाहेर पाचचे टोल पडले.