बांबूच्या बनातलं दार

बुधवार, दुपारचे साडेचार. वैनगंगेकाठी, पवनीच्या अलीकडे, एका टेकाडावर बौद्ध विहार आहे. त्याच्या मागच्या पडवीत दोघे बसले होते.

"दार दिसलं नाही म्हणून माणूस मेला, तर दार झाकणारा खुनी ठरतो का, भंतेजी?"

विचारणारा निशांत ढोके. घरं सजवणं हा त्याचा धंदा. नागपुरात ऑफिस, हाताखाली माणसं, वर्तमानपत्राच्या पुरवणीत फोटो. लहानपणी दोन उन्हाळे तो याच विहारात श्रामणेर, म्हणजे शिकाऊ भिक्खू, होता. तेव्हाही प्रश्न विचारून झाला की उत्तर आपल्याला आधीच ठाऊक असल्यासारखा चेहरा करायचा.

आज तो चेहरा नव्हता. दाढी वाढलेली होती. शेजारी सुतळीनं बांधलेली कागदाची दोन भेंडोळी होती.

भंते विनयबोधी चीवराची उसवलेली कड शिवत होते.

"दोरा ओवून दे," ते म्हणाले.

निशांतनं ओवून दिला.

"भंतेजी, मी काहीतरी विचारलं."

"ऐकलं. कोणतं दार?"

"तुम्हाला माहीत आहे."

"तुझ्या तोंडून सांग."

निशांतच्या तोंडून ते लवकर निघेना.

माहीत साऱ्या तालुक्याला होतं. नदीपलीकडच्या वृद्धाश्रमात मागच्या रविवारी संस्थेच्या अध्यक्षांचा वाढदिवस झाला. अंगणात मांडव, फळवाटप, फोटो. ज्या म्हाताऱ्या नीट बसू शकत होत्या त्यांना नवी लुगडी नेसवून मांडवात आणलं होतं. कलावताबाई नंदेश्वर बायकांच्या हॉलमध्येच होत्या. भाषणं चालू असताना हॉलच्या पुढच्या दाराजवळच्या विजेच्या मीटरनं पेट घेतला, मग गाद्यांनी. आग विझवून माणसं आत शिरली तेव्हा कलावताबाई मागच्या बाजूला, कपाटांच्या रांगेपाशी पडलेल्या सापडल्या. अंगावर भाजल्याची एक खूण नव्हती. धुरानं गेल्या.

दुसऱ्या दिवशीच्या बातमीत अध्यक्षांनी शोक व्यक्त केला होता. कलावताबाई मांडवात का नव्हत्या, हे बातमीत नव्हतं.

"त्या कपाटांच्या मधोमध दार आहे, भंतेजी," निशांत म्हणाला. "मागच्या अंगणात जाणारं. ते मी झाकलं."

"कशानं?"

"वॉलपेपरनं."

"वॉलपेपर भिंतीला लावतात ना रे?"

निशांत ताठ बसला. हा प्रश्न त्याला रोज कोणीतरी विचारायचं, आणि याचं उत्तर त्याला फार आवडायचं.

"तीच तर लोकांची चूक आहे. भिंत हा वॉलपेपरचा सगळ्यात कमी उपयोग. मी शनिवारी वर्ग घेतो, त्याचं नावच ‘भिंत सोडून’. ड्रॉवरच्या आत लावा, ड्रॉवर उघडला की बाग दिसते. जिन्याच्या पायऱ्यांच्या उभ्या बाजूंना लावा. फ्रिजला लावा, दिव्याच्या शेडला लावा. जुना ट्रे फेकू नका, त्यावर लावून वर काच टाका. खाटेच्या उशाकडच्या फळीला..."

"माझ्या औषधाच्या डब्याला," भंते म्हणाले.

"हो! तो मागच्या वर्षी मीच केला होता. पोपटांचा. आहे ना अजून?"

"डबा आहे. तुझी खळ मुंग्यांना फार आवडली. पोपट त्यांनी पावसाळ्यातच संपवले."

निशांतला क्षणभर हसू आलं. मग आपण कशासाठी आलो ते आठवलं, आणि हसू गेलं.

"आश्रमातही भिंती सोडूनच काम होतं," तो म्हणाला. "भिंतींना ओल. ओलीवर कागद धरत नाही. अध्यक्षांच्या बंगल्यातून उरलेले रोल आले होते. सचिव म्हणाले, पाहुणे यायच्या आत काहीतरी छान करा. मी खाटांच्या फळ्या केल्या, औषधाचे ट्रे केले, पाण्याच्या फिल्टरची पेटी केली. मग ती कपाटांची रांग. कळकट लाकूड, मध्ये ते दार, दाराला गंजकी मूठ. मी मूठ काढली. कपाटांच्या झडपा आणि दार, सगळ्यांवर मिळून एकच बांबूचं बन केलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत. कपाट कुठलं, दार कुठलं, कोणाला सांगता आलं नसतं."

"कोणालाच?"

"सजवलेल्या हॉलच्या उद्घाटनाला अध्यक्ष स्वतः त्या दारासमोर उभे राहिले आणि मला विचारलं, इथं एक दार होतं ना?"

"मग?"

"सगळे हसले. टाळ्या वाजल्या."

खाली नदीवर कोणीतरी म्हशींना हाका मारत होतं.

"आणि आता काय म्हणतात अध्यक्ष?"

"अध्यक्ष भेटत नाहीत. सचिव भेटले. म्हणाले, ढोके, दार नुसतं लोटलेलं होतं. म्हातारीनं जरा ढकललं असतं तर बाहेर आली असती. तुमच्या कागदानं घात केला. पण आमच्या तोंडून तुमचं नाव येणार नाही. गुरुवारी चौकशीवाले येताहेत, त्याच्या आत तेवढा दारावरचा कागद काढून न्या."

"भला माणूस."

"हो. त्यांनी मला सांभाळून घेतलं, भंतेजी. सकाळी जाऊन काढला." त्यानं भेंडोळ्यांवर हात ठेवला. "वाफ देऊन, सावकाश. फाटू दिला नाही. आता नदीत सोडतो. पण त्याआधी तुमच्याकडे आलो. मला काहीतरी सांगा. काहीही करायला सांगा. मी डोळे मिटले की ती बाई माझ्या बांबूच्या बनात दार शोधताना दिसते."

"तू तिला पाहिलं होतंस?"

"नाही. काम चालू होतं तेव्हा बायकांना दुसऱ्या खोलीत ठेवलं होतं."

"मग डोळ्यांसमोर कोण येतं?"

"...कोणीतरी म्हातारी."

भंतेंनी सुई बाजूला टोचून ठेवली.

"सोड ती सुतळी. बघू दे तुझं काम."

निशांतनं दोन्ही पट्टे जमिनीवर पसरले. काजळी पुसूनही ते काळवंडलेले होते. एक दारावरचा, एक शेजारच्या कपाटाच्या झडपेवरचा. सवयीनं त्याचे हात चालले. पट्टे त्यानं कडेला कड लावून ठेवले, गुडघ्यावर वाकून एक केसभर सरकवला, आणि दोन पट्ट्यांचं एक बन झालं. अर्धं पान इकडचं, अर्धं तिकडचं. जोड दिसेनासा झाला.

त्यानं मान वर केली. डोळ्यांत पाणी होतं. आणि पाण्यामागे आणखी काहीतरी होतं.

"पाहिलंत? ही कड चार वेळा कापली मी. जवळ जाऊनही दिसत नाही. म्हणूनच तर ती..."

"निशांत."

"जी."

"तू दुःख घेऊन आलास, की काम दाखवायला?"

निशांतचा चेहरा पडला.

"असं काय म्हणता, भंतेजी? त्या रविवारपासून मी झोपलो नाही."

"खरं आहे. पण कोणी म्हटलं की जोड दिसत होता, तर तुला झोप येईल की राग येईल?"

...



भंते पुढे सरकले. त्यांनी डोळे मिटले. उजव्या हाताची बोटं कागदावर ठेवली आणि हळूहळू आडवी नेली. बांबूवरून, पानांवरून, पुन्हा बांबूवरून. एका जागी बोटं थांबली.

"हा," ते म्हणाले.

"काय?"

"तुझा जोड."

निशांतनं वाकून पाहिलं. बोटं नेमकी जोडावर होती.

"हातानं काय, कोणीही शोधेल," तो जरा चिडून म्हणाला. "मी डोळ्यांबद्दल बोलतोय."

"मी कलावताबाईंबद्दल बोलतोय."

"म्हणजे?"

"मी पौर्णिमेला आश्रमात जायचो. बाकीच्या जणी नमस्कार करायच्या. ती आधी माझं चीवर चाचपायची. म्हणायची, भंतेजी, काहून फाटकं नेसता बापा? उजव्या बाजूला उसवलंय. नेहमी बरोबर सांगायची."

"चाचपायची... कशाला?"

भंतेंनी डोळे उघडले.

"तिला दिसत नव्हतं, निशांत. आश्रमात आली तेव्हाही दिसत नव्हतं. तुझं बन तिनं कधी पाहिलंच नाही."

निशांत त्यांच्याकडे बघत राहिला.

"हे मला कोणी सांगितलं नाही," तो शेवटी म्हणाला.

"तू विचारलं नव्हतंस."

"सचिवांना माहीत असेल?"

"रोज तिला हाताला धरून जेवायला नेत होते."

"मग ते मला का म्हणाले, कागदामुळे दार दिसलं नाही?"



भंतेंचं बोट अजून जोडावर होतं. आता त्यांनी ते कडेकडेनं खाली नेलं. पट्ट्याच्या मध्याच्या खाली कड विस्कटलेली होती. कागदाचे बारीक तंतू वर आलेले, पान अर्धं सोललेलं.

"हे काय आहे?"

"ते... उंदीर असतील. खळीच्या वासानं येतात." निशांत घाईघाईनं म्हणाला. मग स्वतःच गुडघ्यांवर सरकत जवळ आला. "नाही. उद्घाटनाला हे नव्हतं. आणि सकाळी काढताना माझ्याकडून झालेलं नाही. मी खरवडायचं पातं वरून खाली नेतो, आडवं कधीच नाही."

त्यानं आपली चार बोटं त्या सोललेल्या जागेवर टेकवली. चार रेघा होत्या. बोटं त्यांच्यात बसली.

त्यानं हात पटकन मागे घेतला.

"तिला सापडलं होतं," तो म्हणाला.

...

"भंतेजी, तिला दार सापडलं होतं. फट सापडली होती. ती इथं होती. माझ्या कागदानं काही..." त्याचा आवाज एकदम मोकळा झाला. त्याच्या अंगावरचं ओझं उतरताना दिसलं, इतकं की तो जवळजवळ हसला. "माझा काही दोष नव्हता!"

"मूठ कोणी काढली?"

हसू जागीच थांबलं.

"...मी. पण मूठ लागत नाही त्या दाराला. बाहेर उघडतं ते. नुसतं ढकललं की..."



खाली म्हशी पाण्यात उतरल्या होत्या. हाका बंद झाल्या होत्या.

"मग तिनं ढकललं का नाही?" निशांतनं विचारलं. आवाज पार बारीक झाला होता. "फट सापडल्यावर माणूस ढकलतोच ना. आंधळा असो, म्हातारा असो, ढकलतोच. आणि दार तर नुसतं लोटलेलं होतं. सचिव म्हणाले."

"तू सकाळी आत कुठून गेलास?"

"मागून. पुढच्या दाराला पोलिसांचं सील आहे. मागचं तसंच आहे. त्या दिवसापासून तिकडे कोणी फिरकलेलं नाही."

"बाहेरून आलास तर दार ओढून उघडलं असशील."

"हो. म्हणजे... आधी कडी काढली."

"कडी."

"बाहेरच्या बाजूला आहे. कडी-कोयंडा." निशांत आता स्वतःच्या हातांकडे बघत बोलत होता. "फटीतून धूर बाहेर आला असणार, सगळं दार बाहेरूनही काळं झालंय. कडी काढली तर हात काजळीनं भरले. साबणानं निघेनात. आणि कडी होती तिच्या खाली..."

"खाली काय?"

"खाली निळा पट्टा होता. दाराचा मूळ रंग. तेवढाच स्वच्छ. कडीएवढा. म्हणजे धूर आला तेव्हा कडी लावलेलीच होती."



भंतेंनी दोन्ही पट्टे उचलले. एकात एक घालून गुंडाळले. सुतळीची गाठ मारली. भेंडोळं निशांतच्या मांडीवर ठेवलं.

निशांतनं ते धरलं नाही, खालीही ठेवलं नाही.

"भंतेजी," तो म्हणाला, "मी आता हे कुठे नेऊ? नदीत, की चौकशीवाल्यांकडे?"

भंतेंनी सुई उचलली. टाका घातला. दोरा ओढला.

"कडी बाहेर होती," ते म्हणाले. "कलावताबाई आत होत्या."