बिटाचा रंग

शाळेत टीव्ही असणे नवलाईचे होते, तेव्हाची ही गोष्ट. एका शाळेतला काळापांढरा टीव्ही मुलांना सकस आहाराचा कार्यक्रम दाखवी, पण मनात झुरे, ‘माझं बीट राखेसारखं दिसतं. ते कोण खाईल?’

“शेवंते, याचा खरा रंग कोणता गं?” कोणीतरी शेजारी बसलेल्या मुलीला विचारी आणि सगळी पोरे शाळेमागच्या बिटाच्या वाफ्याकडे धावत. बीट उपटून, धुऊन खात आणि लाल जिभा एकमेकांना दाखवत.

पुढे रंगीत टीव्ही आला. त्यात बीट लालबुंद दिसले. मुले “छान!” म्हणाली आणि जागीच बसून राहिली.

अडगळीच्या खोलीतून जुन्या टीव्हीने खिडकीबाहेरच्या वाफ्याला विचारले, “आता तर गर्दी होत असेल?”

“नाही रे गड्या,” वाफा म्हणाला, “रंग बघायला आता कोणी येत नाही.”