शेवटच्या होडीचे नाव

टेकडीवर तो गंजलेला मनोरा दिसतो ना, तिथे पूर्वी आमचे रेडिओ केंद्र होते. तुम्ही आत्ता पाहिलेत, होडीवाला किनाऱ्याला लागला की ओल्या कपड्यांनीच टेकडी चढतो आणि मनोऱ्याखाली उभा राहून आपल्या होडीचे नाव हाकारतो. दुसऱ्याची होडी डोळ्यांदेखत लागली तरी आमच्या गावात, शिरवण्यात, कोणी 'आली' म्हणत नाही. त्याला कारण आहे.

केंद्र सुरू झाले ते दर्यावर जाणाऱ्यांसाठीच. संध्याकाळी बंदरावरून फोन यायचा आणि निवेदिका इंदुमती सारंग परतलेल्या होड्यांची नावे वाचायची. नाव ऐकल्याशिवाय बायका चुलीवर भात ठेवत नसत. होड्यांना वाट दिसावी म्हणून खाडीच्या तोंडाशी जाळ पेटवून बसलेली माणसेही शेवटचे नाव ऐकले की तो विझवून घरी जात. मग सुधारणा आली. आधी शेतीचे सल्ले, मग फर्माइशी गाणी, मग शहरातले कार्यक्रम. नावे मागे सरत सरत शेवटच्या पाच मिनिटांवर आली. आमच्या आईबापांनाही गाणी आवडायची, खोटे कशाला बोलू?

एक दिवस केंद्र बंद करण्याचा हुकूम आला. असे सांगतात, की त्या शेवटच्या संध्याकाळी वारा एकाएकी फिरला. एकोणीस होड्या गेल्या होत्या, अठरांची नावे वाचून झाली. उरली 'सातेरी', इंदुमतीच्या नवऱ्याची, वासुदेवची. गावाचा तेव्हा समज होता, केंद्रावरून नाव वाचले तर होडी सुखरूप, राहिले तर माणूस दर्यावरच राहिला. आणि उद्यापासून नाव वाचायला केंद्रच नव्हते. यंत्रावरच्या नाडकर्ण्यांनी काचेपलीकडून एक बोट दाखवले, एकच मिनिट उरले होते. फोन वाजला नव्हता. तरी इंदुमती बोलली, "'सातेरी' लागली."

त्यानंतर केंद्र बंद झाले ते कायमचे.

खाडीच्या तोंडाशी बसलेल्यांनी ते ऐकले. इंदूवैनीचा घो, वासुदेव, आला म्हणून त्यांना बरेच वाटले, आणि त्यांनी जाळावर पाणी ओतले. अर्ध्या तासाने 'सातेरी' खरेच आली, पण खाडीच्या तोंडापर्यंतच. काळोखात तिला खडक दिसला नाही. माणसांच्या हाका वाडीत ऐकू आल्या. लोक धावले, पण जाळ पुन्हा पेटेपर्यंत हाका थांबल्या होत्या.

नवव्या दिवशी इंदुमतीने गावाला टेकडीवर बोलावले आणि मनोऱ्याला हात लावून सगळ्यांना शपथ घ्यायला लावली.

"आजपासून कोणाचा नाव दुसऱ्यान घेव नये. ज्याची होडी, तेनाच सांगूचा."

आजही दिवस मावळला की खाडीच्या तोंडाशी जाळ पेटतो. एकेक होडीवाला वर येऊन नाव सांगून जातो, घरोघरी भात शिजतो. पण सगळ्या होड्या लागल्या तरी जाळावर पाणी कोणी ओतत नाही. तो आपोआप विझेपर्यंत दोन माणसे तिथे बसून असतात. 'सातेरी'चे नाव सांगायला अजून कोणी वर आलेले नाही.