अर्धं राहिलेलं वाक्य

“मग माफी मागू की नको? एवढंच सांगा, फादर.”

विचारणारा होता बास्तियाँ कोर्वेल. फ्रान्सच्या टीव्हीवर रोज संध्याकाळी पाहुण्यांना बोलतं करणारा, खरं तर गप्प करणारा, मोठा नावाजलेला माणूस. याच्या जिभेला हाड नाही, असं त्याचे चाहतेसुद्धा कौतुकानं म्हणत. आता त्याच जिभेनं घात केला होता.

समोर फादर ऑन्सेल्म. डोंगरातल्या जुन्या मठाचे म्हातारे गुरू. ते मटारच्या शेंगा सोलत बसले होते.

“काय झालं होतं?”

“सगळ्या देशाला माहीत आहे.”

“आमच्याकडे टीव्ही नाही.”

मग सांगावंच लागलं. ओदील नावाची एक सुईण होती. गावातलं बाळंतपणाचं रुग्णालय बंद पडणार होतं, ते वाचवा, असं सांगायला ती कार्यक्रमात आली होती. बोलताना अडखळायची.

“‘आमच्या गावातल्या बायका...’ एवढं म्हणाली आणि अडकली. मी म्हटलं, ‘...वाक्य संपेपर्यंत बाळंत होतात!’ लोक पोट धरून हसले. मी पुढचा पाहुणा बोलावला.”

झालं, देशभर वणवा पेटला. अर्धे म्हणत, याला हाकला. अर्धे म्हणत, आता थट्टाही करायची नाही की काय? उद्या त्याला पुन्हा त्याच खुर्चीत बसायचं होतं. माफी मागितली तर चाहते जाणार, नाही मागितली तर खुर्ची जाणार. आणि ओदीलबाई? त्या दिवसापासून ती कुणाशी एक शब्द बोललेली नाही, असं तिच्या गावचे लोक सांगत होते.

फादर म्हणाले, “तू इथे...”

“लपायला आलो, असंच ना? मुळीच नाही.”

फादरांनी आणखी एक शेंग सोलली.

“मला वाटतं, तुझी...”

“चूक झाली. मान्य. पण हेतू वाईट नव्हता, फादर.”

काय म्हणावं या गड्याला! म्हाताऱ्या माणसाला एक वाक्य पुरं करू देईल तर शपथ.

फादरांनी शेंगांची टोपली बाजूला सारली. हात मांडीवर ठेवले. त्याच्याकडे बघत सावकाश म्हणाले,

“आमच्या गावातल्या बायका...”

आणि थांबले.

बास्तियाँचं तोंड उघडलं. जीभ सवयीनं सरसावली...

शब्द आला नाही.

फादर बघत राहिले. नजरेत राग नव्हता. घाई तर नव्हतीच.

टीव्हीवर क्षणभर कुणी गप्प राहिलं तरी याचा जीव वरखाली व्हायचा. इथे खिडकीतलं ऊन भिंतीवरून हळूहळू खाली आलं. बास्तियाँला ओदीलचे हलणारे ओठ आठवले. तेव्हा त्याला वाटलं होतं, बाई अडकली. अडकली कुठली! शब्द येत होता...

हे सांगताना माझ्या अंगावर अजून काटा येतो. ज्याला श्वास घ्यायला सवड नसे, तो गडी खुर्चीवरून उतरला आणि फादरांच्या पायाशी जमिनीवर बसला. वाट बघत राहिला. आयुष्यात पहिल्यांदा.

...

शेवटी अगदी हलक्या आवाजात त्यानं विचारलं, “पुढे काय, फादर?”

“ते तिलाच ठाऊक. तिच्यासमोर तू होतास, बाळा. मी कुठे होतो?”